स्कूबाचं जुनं सामान: दुरुस्त करायचं की बदलायचं?

ठाण्याला समुद्र नाही, खाडी आहे. त्या पाण्यात हात बुडवला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या हौशी स्कूबा डाइव्हरचं (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणाऱ्याचं) सामान वर्षातले मोजके दिवस खाऱ्या पाण्यात असतं आणि उरलेला काळ माळ्यावर, पलंगाच्या पेटीत, नाहीतर बंद गॅलरीत ताडपत्रीखाली. मालवण-तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी, जमलं तर अंदमान असं करून आलो की बॅग धुवायची आणि आत टाकायची. जूनमध्ये पाऊस लागतो, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, तीच वेटसूटवरही (पाण्यात ऊब देणाऱ्या रबरी पोशाखावरही) येते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या गॅलरीत जी भट्टी पेटते, तिच्यात रबर कडक होतं. म्हणून माझं मत असं, की आपल्याकडचं डाइव्हिंगचं सामान पाण्यात कमी आणि घरात जास्त झिजतं. 'दोनदाच वापरलंय, नव्यासारखं आहे' हे वाक्य कुणी कितीही छातीठोकपणे म्हटलं तरी त्याला फारसा अर्थ नाही.

ज्यांनी नुकताच ओपन वॉटर हा स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स केलाय, 18 मीटरपर्यंत जायची परवानगी हातात आहे आणि त्याबरोबर स्वतःचं किंवा कुणाकडून मिळालेलं थोडंफार सामानही आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. काय दुरुस्त करावं, काय बदलावं आणि कशाला स्वतः हातच लावू नये, एवढंच यात आहे.

आधी सगळं सतरंजीवर मांडा

रविवारची सकाळ बघा. खिडकीशी, उजेडात एक जुनी सतरंजी किंवा चादर पसरा आणि सामानाचा एकेक नग वेगळा ठेवा. ट्यूबलाइटखाली रबराच्या भेगा दिसत नाहीत, सूर्यप्रकाशात दिसतात. सामान नळाच्या गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळलेलं असावं. मिठाचा पांढरा थर बसला असेल तर त्याच्याखालचं काही कळत नाही.

आता वाटणी करायची. नवखे लोक किमतीनुसार किंवा वयानुसार करतात, ते सोडून द्या. एकच बघायचं: ही वस्तू 18 मीटरवर बंद पडली तर पुढे काय होईल?

श्वास थांबेल किंवा वर-खाली जाण्यावरचा ताबा जाईल, असं ज्या वस्तूंचं आहे त्या एका बाजूला: रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडाशी आणतो तो), त्याचे होज (रबरी नळ्या), हवेचा गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवतो तो), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) आणि त्याचा इन्फ्लेटर (त्यात हवा भरायचा बटणाचा भाग). किती खोल आहोत, किती वेळ झाला हे कळणार नाही, अशी वस्तू म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर, तो मधे. आणि नुसतीच गैरसोय होईल, थंडी वाजेल, पाय घासतील, डोळ्यात पाणी जाईल अशा वस्तू तिसऱ्या बाजूला: मास्क, स्नॉर्कल, फिन, बूट, वेटसूट. मास्कमध्ये पाणी गेलं तर नाकाने फुंकून काढायला कोर्समध्येच शिकवलेलं असतं, म्हणून तो इथे.

तिसऱ्या बाजूच्या वस्तूंवर घरच्या घरी प्रयोग करायला हरकत नाही. पहिल्या बाजूला, पुढे सांगितलेली एक-दोन किरकोळ कामं सोडली तर, तुमचं काम तपासण्यापुरतं. पाना-स्क्रूड्रायव्हर लावायचा नाही, यूट्यूबवर व्हिडिओ कितीही सोपा वाटला तरी.

मग तीन प्रश्न

वस्तू हातात घेऊन क्रमाने विचारा. जे झिजलंय तो बदलता येण्यासारखा सुटा भाग आहे की वस्तूचा मूळ सांगाडाच गेलाय? तो सुटा भाग आज मिळतो का? आणि तो बसवून, यंत्रावर तपासून देणारा माणूस आवाक्यात आहे का?

पट्टा, ओ-रिंग (जोडातून हवा-पाणी अडवणारी रबरी कडी), माउथपीस, होज, व्हॉल्व्ह, बकल हे सगळे सुटे भाग. ते जाणारच, जाण्यासाठीच बनवलेत. मास्कची सिलिकॉनची कड, वेटसूटचं निओप्रिन, बीसीडीच्या पिशवीचा जोड, फर्स्ट स्टेजचं (रेग्युलेटरच्या टाकीवर बसणाऱ्या भागाचं) पितळी अंग हा झाला सांगाडा. तो गेला की दुरुस्ती म्हणजे नुसतं रडगाणं.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र बरीच मंडळी अडकतात. रेग्युलेटरचं अंग ठणठणीत असतं, पण कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं असतं आणि सर्व्हिस किट, म्हणजे बदलायच्या सुट्या भागांचा संच, मिळत नाही. किंवा मॉडेल चालू असतं, पण भारतात त्याचा कुणी अधिकृत विक्रेता नसतो आणि किट बाहेरून मागवावी लागते. कुरिअर, कस्टम ड्युटी, वाट बघणं हे सगळं आलं. दुबई-सिंगापूरहून भाऊ-मेहुणा स्वस्तात रेग्युलेटर आणतो तेव्हा हा हिशोब कुणी करत नाही. नवं घेतानाच विचारून ठेवायचा प्रश्न आहे हा: 'याची सर्व्हिस किट भारतात कोण ठेवतं?'

रेग्युलेटर

यावर जरा जास्त वेळ थांबू, कारण सगळ्यात महाग चूक इथेच होते.

फर्स्ट स्टेजचं काम टाकीतला 200 बारच्या आसपासचा दाब (1 बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा) उतरवण्याचं. तो सभोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9 ते 10 बार जास्त, एवढ्यावर आणला जातो आणि होजमधून सेकंड स्टेजला, म्हणजे तोंडातल्या भागाला मिळतो. आत एक छोटी सीट असते, तिच्यावर धातूची धार येऊन बसते आणि हवा अडते. दर श्वासाला ती उघडते आणि मिटते. कालांतराने धारेचा वळ सीटवर पडतो, मग ती पूर्ण मिटत नाही आणि होजमधला हा उतरवलेला, म्हणजे 'मधला' दाब हळूहळू चढत जातो. शेवटी सेकंड स्टेजमधून आपोआप हवा सुटू लागते. न वापरता ठेवलेल्या रेग्युलेटरमध्येही ओ-रिंग दबून चपट्या होतात, ग्रीस सुकतं. बऱ्याच कंपन्या वर्षाला किंवा 100 डाइव्हला सर्व्हिसिंग सांगतात. काही दोन वर्षं देतात, पण दरवर्षी तपासणीची अट घालतात. तुमच्या मॉडेलचं पुस्तक काय म्हणतं ते धरा.

घरी तुम्ही एवढं करू शकता.

फर्स्ट स्टेजच्या तोंडाची टोपी काढून आत बघा. एक छोटी धातूची जाळी दिसेल, तो फिल्टर. तो चकचकीत किंवा फिका असेल तर ठीक. हिरवट झाला असेल तर आत खारं पाणी गेलंय आणि पितळ खायला सुरुवात झालीय. तांबूस-तपकिरी असेल तर कुठल्यातरी गंजक्या लोखंडी टाकीची धूळ आत आलीय. हिरवा फिल्टर दिसला की फक्त फिल्टर बदलून भागत नाही, पूर्ण सेट उघडावा लागतो. टेक्निशियनने उघडल्यावर आतल्या ज्या पृष्ठभागावर ओ-रिंग किंवा धार बसते तिथे खड्डे निघाले, तर तो नग संपला. बाहेरून क्रोम थोडं उडालेलं असेल तर मात्र घाबरू नका, ते नुसतं रूप आहे.

दुसरी तपासणी टाकी न लावता. फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट बसवा, सेकंड स्टेज तोंडात धरा आणि हळूच हवा ओढा. एक-दोन क्षणांत ओढ लागून थांबली पाहिजे आणि धरून ठेवता आली पाहिजे. हवा येतच राहिली, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर टाकणारी झडप) किंवा पडदा फाटलाय, नाहीतर तिथे वाळूचा कण अडकलाय. तारकर्लीची वाळू बारीक आहे, ती हमखास अडकते. आधी धुवून बघा. ऑक्टोपसवरही, म्हणजे जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजवरही, हेच करायचं. तो कुणी वापरत नाही म्हणून तपासतही नाही, आणि वापरायची वेळ येते ती दुसऱ्याची हवा संपल्यावर.

माउथपीस चावून चिरलाय, हिरडीला टोचतोय? नवा घ्या, प्लास्टिकच्या पट्टीने आवळा, झालं. रेग्युलेटरचं घरी करण्यासारखं काम एवढं एकच.

दाब चढतो का ते घरी कळत नाही, त्याला गेज लागतो. डाइव्ह सेंटरवर टाकी लावून मधल्या दाबाचा गेज जोडला की काटा एका जागी थांबतो का सरकत राहतो ते दिसतं. अशा वेळी शेजारी उभं राहून बघा आणि विचारा. चांगला टेक्निशियन हौसेने दाखवतो.

मग बदलायचा कधी? किट मिळत नसेल तेव्हा. आतल्या बसण्याच्या जागा खाल्ल्या गेल्या असतील तेव्हा. नीट सर्व्हिसिंग करूनही दाब स्थिर राहत नसेल तेव्हा. आणि तो कुठून आला, शेवटचा कधी उघडला याचा काहीच पत्ता नसेल आणि सर्व्हिसिंगचा खर्च नव्या साध्या सेटच्या निम्म्यावर जात असेल तेव्हाही. एरवी चांगल्या बनावटीचा पितळी रेग्युलेटर नेमाने सर्व्हिस केला तर वर्षानुवर्षं चालतो. जुना आहे म्हणून टाकू नका.

होज आणि गेज

होजच्या दोन्ही टोकांना रबराच्या बाह्या असतात. त्या मागे सरकवा आणि जिथे धातूची कडी रबरावर दाबून बसवलीय तिथे होज बोटाने हलकेच वाकवा. भेगा पहिल्यांदा तिथे पडतात आणि बाहीखाली लपून राहतात. ऐरोलीतल्या एका मित्राचा सेट आम्ही असाच बघत होतो. 'अरे, वरून बघ ना, एक ओरखडा नाही त्यावर!' असं तो म्हणेपर्यंत बाही सरकली आणि खाली करवतीच्या दातांसारख्या बारीक भेगा रांगेने उभ्या. होजला चिकटपट्टी, सोल्यूशन, क्लिप असलं काही लावायचं नाही. भेग, फुगवटा, उघडा पडलेला धागा यातलं काहीही दिसलं की होज बदलायचा. सगळ्या सेटच्या मानाने तो स्वस्त असतो.

वरून जाळीदार विणीचे, लवचीक होज आता बरेच दिसतात. त्यातल्या काहींचा आतला थर दमट, उष्ण हवामानात खराब होऊन त्यात कण तयार होतात आणि हवेची वाट अडते, असं आढळलंय. वरची वीण नवीकोरी दिसते, म्हणून हे बाहेरून कळत नाही. आपल्या हवेत असे होज वापरत असाल तर सर्व्हिसिंगला देताना आतून तपासायला सांगा, आणि जुने असतील तर वाद न घालता बदला.

गेजच्या काचेत पाणी किंवा धुकं दिसलं, हवा काढल्यावर काटा शून्यावर परतला नाही, तर गेज नवा. गेज आणि होज जिथे फिरतात तिथून बारीक बुडबुडे येत असतील तर मात्र तो आतल्या दोन चिमुकल्या ओ-रिंगचा प्रश्न आहे; किरकोळ खर्चात सुटतो.

ओ-रिंगवरून एक सांगतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये डब्यातून हव्या त्या मापाची ओ-रिंग निवडून मिळते आणि मोह होतो. माप डोळ्यांना सारखं दिसलं तरी रबराचा प्रकार आणि कडकपणा वेगळा असू शकतो, आणि 200 बारपुढे तो फरक उघडा पडतो. टॉर्चच्या किंवा कॅमेरा-डब्याच्या झाकणालाही कंपनीचीच रिंग घ्या. ग्रीस सिलिकॉनचं; व्हॅसलीन नको. नायट्रॉक्सचं (जादा ऑक्सिजन असलेल्या हवेचं) सामान असेल तर ऑक्सिजनला चालणारं ग्रीस वेगळं असतं, ते टेक्निशियनवर सोडा.

बीसीडी

रात्री जेवणं झाली की बीसीडीत तोंडाने हवा भरा, गच्च, आणि खुर्चीवर ठेवून झोपा. सकाळी थोडी नरम झाली तर चालतं, रात्रीचा गारवा आणि हवा यांचा तो खेळ. पण पूर्ण बसली असेल तर गळती आहे. परत भरून, साबणाचं पाणी स्पंजने आधी व्हॉल्व्हभोवती, मग इन्फ्लेटरच्या बुडाशी, मग शिवणींवर लावत जा. बहुतेक वेळा व्हॉल्व्हपाशीच फेस येतो. वाळू किंवा मीठ असतं. झाकण फिरवून काढा, धुवा, वायसर पाहा, परत बसवा. कापडाच्या मधोमध टाचणीएवढं भोक असेल तर युरेथेनचा डिंक लावून दुरुस्ती टिकते. जोडावरून, म्हणजे जिथे दोन कापडं उष्णतेने चिकटवलीत तिथून हवा जात असेल, तर तो बीसीडी निवृत्त.

आतून मीठ साठणं हे बीसीडीचं खरं दुखणं. प्रत्येक सहलीनंतर इन्फ्लेटरमधून गोडं पाणी आत सोडायचं, हवा भरून घुसळायचं, खालच्या व्हॉल्व्हमधून ओतून टाकायचं. आतले मिठाचे खडे पिशवी आतून घासतात. हलवल्यावर आतून खळखळ कोरडा आवाज आला तर समजा की आधीच्या मालकाने हे कधी केलेलं नाही.

इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की त्याच क्षणी परत आलं पाहिजे. चिकटून राहणारं बटण पाण्याखाली हवा भरत राहतं आणि तुम्ही फुग्यासारखे वर जाता. फुफ्फुसांना इजा होण्याचा हा सरळ रस्ता आहे. धुवून, सर्व्हिस करून सुधारलं नाही तर अख्खा इन्फ्लेटर बदलायचा. यात काटकसर नको.

तुटलेलं बकल, फाटलेला खिसा, उसवलेला पट्टा ही कामं बॅगा शिवणारा करून देतो. नौपाड्यात, वाशीत असे कारागीर आहेत आणि हात चांगला असतो. पण त्यांच्यापुढे बीसीडी ठेवायच्या आधी एक गोष्ट स्वतः बघा आणि त्यांनाही दाखवा: कित्येक जॅकेटमध्ये बाहेरचं कापड हीच हवेची पिशवी असते. तिथे सुई गेली की प्रत्येक टाक्याचं एक भोक. खिसा शिवून मिळतो आणि जॅकेट जातं.

वेटसूट

निओप्रिन म्हणजे आत बंद बुडबुडे असलेलं रबर. ऊब त्या बुडबुड्यांमुळे. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात, वर आलं की फुगतात. हे सारखं होत राहिलं की काही बुडबुडे कायमचे बसतात. म्हणून जुना सूट पातळ, कडक आणि थंड होतो. खांद्याचं निओप्रिन चिमटीत धरा, मग पोटरीचं धरा. जाडीत स्पष्ट फरक लागला, किंवा चिमटा सोडल्यावर कापड परत उसळलं नाही, तर सूटचा जीव गेलाय. याला दुरुस्ती नाही.

पण कोकणात किंवा अंदमानात पाणी साधारण 26 ते 30 अंश असतं. तिथे 3 मिलिमीटरचा थोडा थकलेला सूटही खरचटण्यापासून आणि जेलीफिशपासून वाचवायला पुरतो. थंडी वाजत नसेल तर घाई कशाला? नवे डाइव्हर सगळ्यात आधी सूट बदलतात, कारण फोटोत तो दिसतो. त्याच पैशात रेग्युलेटरचं सर्व्हिसिंग झालं असतं.

नखाने किंवा बार्नेकलने (खडकाला चिकटलेल्या धारदार कवचाच्या जीवाने) पडलेली चीर घरी भरता येते. निओप्रिनचा डिंक मिळतो. चीर स्वच्छ धुवून पूर्ण वाळवा, दोन्ही कडांना पातळ हात द्या, डबीवर लिहिलाय तेवढा वेळ थांबा, दुसरा पातळ हात, पुन्हा थांबा, आणि बोटाला चिकटेनासा झाला की कडा जुळवून दाबा. ओला असतानाच जोडला तर धरत नाही; घाई इथे नडते. एक दिवस तसाच ठेवा. शिंप्याकडे नेऊन मशिनवर आरपार शिवण घालू नका. कारखान्यातली चांगली शिवण निओप्रिनच्या अर्ध्या जाडीतच फिरते आणि मूळ जोड डिंकाचा असतो. आरपार टाक्यांनी पाणी आत येतं आणि काही काळाने त्याच भोकांच्या रांगेवरून कापड फाटतं.

चेन अडकत असेल तर मेण किंवा चेनसाठीचं वंगण. रनर गेला असेल तर तो बदलून मिळतो. अख्खी चेन बदलायची आणि निओप्रिनही बसलेलं, असं असेल तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नवा सूट घ्या.

बुरशीसाठी पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं-निम्मं करून भिजवा, मग भरपूर धुवा आणि सावलीत वाळवा. वास जातो, डाग राहतात.

मास्क, फिन आणि बाकीचं

मास्क पट्टा न लावता तोंडावर ठेवा, केस मागे घ्या, नाकाने हवा ओढा. चिकटून राहिला तर बसतोय. पट्टा किंवा बकल गेलं तर तेवढंच बदला. सिलिकॉन पिवळं पडलं किंवा काळे ठिपके आले तरी मऊ असेल तोवर वापरा. कड कडक झाली, वळली, चिरली तर मास्क बदला. काचेला तडा असेल तर लगेच.

फिनचा रबरी पट्टा गेला तर स्प्रिंगचा पट्टा घाला, तो परत बदलावा लागत नाही. पात्याला मुळाशी आडवी भेग गेली असेल तर चिकटवत बसू नका. बुटाचा तळ सुटला तर वेटसूटचाच डिंक चालतो. शिशाची वजनं अमर आहेत. स्नॉर्कल बदलायचं की नाही यावर विचार करण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात नवं मिळतं.

डाइव्ह कॉम्प्युटर

बॅटरी संपणं म्हणजे बिघाड नव्हे. काही मॉडेलमध्ये ती आपण बदलू शकतो, काहींत सेंटरवर दाबाची चाचणी करून बदलून घ्यावी लागते. झाकणाची ओ-रिंग दरवेळी नवी, जुनी चांगली दिसली तरी. घड्याळवाल्याकडे नेऊ नका; त्याची 'वॉटरप्रूफ'ची कल्पना आणि तुमची वेगळी आहे. बॅटरीच्या खाचेत हिरवा थर आला असेल, पडद्यात पाणी दिसत असेल, तर बहुधा तो गेला. एकाच डाइव्हवर जोडीदाराच्या कॉम्प्युटरशी खोली ताडून पाहा. थोडाबहुत फरक पडतोच, पण दरवेळी एक मीटर किंवा जास्त फरक पडत असेल तर दोन्ही तपासून घ्या. चुकीचा कुणाचा हे नुसतं बघून कळत नाही. खरेदी करण्यापूर्वी आणि जुना वापरण्यापूर्वी, कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलबद्दल काही रिकॉल (सदोष माल कंपनीने परत मागवणं) आहे का ते अनुक्रमांक टाकून बघा. रेग्युलेटरसाठीही तेच.

टाकीबद्दल थोडक्यात

तुमच्याकडे टाकी नसेलच, आणि नसलेलीच बरी. रेल्वेत गॅस सिलिंडर नेता येत नाही, फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे हा प्रश्न आणि भरायचा कुठे हा त्याहून मोठा. डाइव्ह सेंटर टाकी देतंच. सर्रास दिसते ती 11.1 लिटरची ॲल्युमिनियमची, 207 बारची. तुमचं काम मानेवरचा शेवटच्या चाचणीचा शिक्का वाचण्याचं. कुणी जुनी टाकी स्वस्तात देत असेल तर आधी मिश्रधातूचा क्रमांक विचारा: 6351 या मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांच्या मानेत भेगा पडल्याचं जगभर माहीत आहे, म्हणून 1990च्या आधीची ॲल्युमिनियमची टाकी नकोच. भारतात सिलिंडर 'गॅस सिलिंडर रूल्स, 2016' खाली येतात आणि त्यांची पाण्याच्या दाबाची चाचणी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या) मान्यतेच्या केंद्रातच व्हावी लागते. औद्योगिक पट्ट्यात अग्निशामक सिलिंडर तपासणारे आहेत, पण श्वसनाच्या हवेच्या टाकीत तेलाचा थेंबही चालत नाही; त्यांना हे काम माहीत आहे का ते विचारूनच द्या.

कुणाकडे आणि कधी द्यायचं

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरचं डाइव्हिंग बंद असतं, साधारण ऑक्टोबरपासून मे पर्यंत हंगाम. म्हणजे रेग्युलेटर जूनमध्ये दिला तर सुटे भाग यायला, चाचणी व्हायला निवांत वेळ मिळतो. बहुतेक लोक दिवाळीच्या सुट्टीचं तिकीट काढल्यावर जागे होतात आणि मग 'चार दिवसांत करून द्या' म्हणून मागे लागतात. घाईत केलेलं सर्व्हिसिंग घेऊन पाण्यात जाण्यापेक्षा सेंटरचा भाड्याचा सेट बरा.

दुकानात तीन गोष्टी मागा. तुमच्या कंपनीचं प्रशिक्षण घेतलंय का, याचं उत्तर. काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत. आणि कोणते भाग बदलले, मधला दाब किती ठेवला याची लेखी नोंद. जुने भाग परत द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही. सर्व्हिसिंगनंतर लगेच जोरदार प्रवाहात, 18 मीटरवर पहिली चाचणी नको; आधी कुठल्यातरी पूल सेशनमध्ये किंवा उथळ पाण्यात वापरून बघा. नुकत्याच उघडलेल्या सामानात जुळवणीच्या चुका सापडतात त्या पहिल्याच वापरात.

पैशाचं गणित

समजा नवा साधा सेट 40,000 ला पडतो आणि जुन्याचं सर्व्हिसिंग 9,000 ला. जुना सेट भरवशाचा आहे, किट पुढची काही वर्षं मिळणार आहे, तर सर्व्हिसिंग करा. पण 9,000च्या सर्व्हिसिंगबरोबर दोन होज, गेज आणि ऑक्टोपसही बदलायला निघाले आणि आकडा 22,000 वर गेला, तर निम्मा ओलांडला, नवा घ्या. हे निम्म्याचं माप श्वासाच्या सामानाला. तिसऱ्या बाजूच्या वस्तूंना मी एवढं मोजत नाही.

वर्षातून एकदाच चार दिवस जाणाऱ्यांनी रेग्युलेटर-बीसीडी विकत घेण्याचाच पुन्हा विचार करावा. स्वतःचा मास्क, फिन, कॉम्प्युटर ठेवा आणि बाकीचं भाड्याने घ्या. देशांतर्गत विमानात अंदमानला जाताना बहुधा 15 किलोच सामान मिळतं, त्यातही जागा होते. पण भाड्याचं सामानही वर सांगितलंय तसंच तपासायचं: बाही सरकवा, हवा ओढून बघा, बटण दाबा. सेंटरवाला हसला तर हसू द्या.

सेकंडहँड घेताना

घोडबंदरच्या किंवा खारघरच्या एखाद्या सोसायटीत कुणीतरी परदेशी निघालेला असतो आणि 'पूर्ण सेट, जवळपास न वापरलेला' विकायला काढतो. मास्क, फिन, बूट बिनधास्त घ्या. रेग्युलेटर घेताना किमतीत पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च आधीच मिळवा, तो सेट पाकिटातून न काढलेला असला तरी. मॉडेलचं नाव आणि अनुक्रमांक लिहून आणा, किट मिळते का विचारा, मगच पैसे द्या. विकणारा फिल्टर बघू देत नसेल तर चहा पिऊन निघा. बीसीडी असेल तर एक रात्र फुगवून ठेवायला द्या म्हणावं.

जे बाद ठरलं त्याचं

बाद ठरलेला होज मधून कापा आणि मग टाका, म्हणजे भंगारवाल्याकडून तो परत कुणाच्या रेग्युलेटरवर बसणार नाही. बीसीडीची पिशवी कापून काढा. बकल, पट्टे, डी-रिंग मात्र ठेवा, त्यांना मरण नसतं. वेटसूटच्या चांगल्या भागाचे तुकडे पुढच्या सूटच्या गुडघ्याला ठिगळ म्हणून लागतात. कॉम्प्युटर बॅटरी काढून ई-कचऱ्यात. आणि किट मिळत नाही म्हणून बाजूला ठेवलेला रेग्युलेटर शोभेला ठेवायचाच असेल, तर त्याचा माउथपीस काढून त्यावर मार्करने 'बाद' असं लिहा. घरातला भाचा-पुतण्या पुढच्या मे महिन्यात तो बॅगेत घालून मालवणला निघालेला असतो.